ब्लॉकमध्ये राहिलेलं पाणी

सकाळी साडेआठला गॅरेजचं शटर वर केलं तर समोर पिकअप आणि तिच्या मागं ट्रॉलीवर दोरांनी आवळलेली बोट. तात्या पहाटेच बामणोलीहून निघून, कासवरून यवतेश्वरचा घाट उतरून आले होते. चहा सांगेपर्यंतही त्यांना धीर नव्हता. "मिस्त्री, ऑइलात पाणी उतरतंय. गॅसकेट गेलं असंल, दुसरं काय," म्हणाले आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले. गॅसकेट म्हणजे दोन दिवसांचं काम आणि झेपेल एवढा खर्च. मीही मनातून गॅसकेटच असू दे म्हणत होतो.

तात्यांचं गाव शिवसागरच्या पलीकडच्या काठाला, कांदाटी खोऱ्याच्या बाजूला. कोयनेचं धरण झालं तेव्हा त्यांच्या वडिलांची भातखाचरं पाण्याखाली गेली. आज तात्या बोट हाकतात ती त्याच पाण्यावर. १०५ टीएमसीचा हा साठा, पण पलीकडच्या माणसाला तो ओलांडल्याशिवाय धड दवाखाना नाही की बाजार नाही. पावसाळ्यात दरड कोसळली की उरलासुरला रस्ताही बंद. रात्री अडलेली बाळंतीण घेऊन निघालेली लाँच मध्येच बंद पडली तर दोन्ही काठ सारखेच लांब असतात. २२ वर्षं ही इंजिनं उघडतोय, पण लाँचच्या इंजिनाला मी ट्रॅक्टरच्या इंजिनासारखा हात लावत नाही.

ही बोट त्यांनी सोसायटीचं कर्ज काढून जुनी घेतली होती, एका दलालाकडून. मूळची काश्मीरकडच्या कुठल्याशा तळ्यावरची. हंगामात वासोट्याचे पर्यटक न्यायचे आणि एरवी गावाच्या अडीनडीला उभं राहायचं, असा विचार. फायबरची बॉडी खरोखर चांगली होती. आत तीन लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि मागं पाण्यात उतरणारा, पंखा फिरवणारा ड्राइव्ह. पहिल्याच फेरीत वीसेक मिनिटं चालली आणि आवाज बदलला, तशी तात्यांनी लगेच बंद केली. तेवढं शहाणपण केलं म्हणून बेअरिंगं वाचली.

ऑइल बघायची गेजपट्टी ओढली. पट्टीवर ऑइल नव्हतंच, आटवलेल्या चहावर येतो तसा राखाडी-पिवळा फेस होता. ह्या इंजिनांना रेडिएटर नसतो. रबरी पंख्याचा पंप तळ्यातलंच पाणी ओढतो, ते ब्लॉकमधून, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या धडातून, आणि त्यावरच्या हेडमधून फिरतं आणि एक्झॉस्टवाटे धुरासोबत बाहेर पडतं. पाणी सतत बदलत असल्यामुळं कूलंट घालायची सोयच नाही. आणि इंजिन बंद केलं तरी ब्लॉकच्या पोटात पाणी साचून राहतं, ते आपण काढल्याशिवाय निघत नाही.

हेड उतरवायला बारा वाजले. हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅसकेट उचलून उजेडात धरलं, रिंगा शाबूत. हेडवर पट्टी लावून बघितली, तेही सरळ. तात्या शेजारी उकिडवे बसले होते. "गॅसकेट चांगलं हाय की!" म्हणून त्यांचा चेहरा खुलला. मी गप्प राहिलो. गॅसकेट चांगलं आणि हेड सरळ, तर पाणी ब्लॉकमधूनच येतंय.

बॅटरी धरून उभा असलेला गॅरेजातला पोरगा म्हणाला, "मालक, हितला रंग नवा दिसतोय." एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली, ब्लॉकच्या कुशीवर, हातभर पट्टा बाकीच्या रंगापेक्षा ताजा होता. पटाशी लावली तशी रंगाखालून पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली भेग. वीतभर लांब, आडवी, केसाएवढी बारीक. नख फिरवलं की अडकायचं, कारण एक कड दुसरीपेक्षा जरा बाहेर आली होती. ठोकर बसलेली भेग आत दबते. ही आतून बाहेर ढकललेली होती. शेजारचे दोन वेल्च प्लग, म्हणजे ब्लॉकच्या भोकांत ठोकलेल्या पत्र्याच्या टोप्या, त्याही कोऱ्या नव्या. बोट विकणाऱ्याला सगळं माहीत होतं. खोल पाण्यावर माणसं वाहणारी वस्तू रंग मारून विकताना त्याचा हात कसा थरथरला नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

मग खालचा ड्रेन प्लग बघितला. पितळेचा होता आणि त्याच्या षटकोनी डोक्याच्या कडा पान्यानं घासलेल्या, म्हणजे तो वेळोवेळी उघडला गेला होता. मी उघडला. दोन थेंब आले आणि थांबले. भोकात तार घातली तर इंचभर आत कठीण लागलं. तार फिरवत, ढकलत राहिलो, तशी काळ्या गाळाची सुपारीएवढी गुठळी सुटली आणि तिच्यामागून धार लागली. कोयनेचं पाणी, आठवड्यापूर्वीच्या फेरीतलं, लिटरभर तरी असेल. गॅरेजच्या कोब्यावरून गटाराकडं वाहत गेलं.

तिथंच मला उलगडा झाला. वर काश्मिरात २१ डिसेंबरपासून ४० दिवस कडाक्याची थंडी असते, त्याला ते चिल्लई कलां म्हणतात, तेव्हा तळीसुद्धा गोठतात. तिथल्या कुणा मिस्त्रीनं त्याआधी हा प्लग उघडला असणार. दोन थेंब आले. रिकामं झालं समजून त्यानं प्लग परत आवळला. कामचुकार नव्हता तो, प्लग उघडला होता त्यानं. फक्त तार घातली नाही. मला त्या अनोळखी माणसाबद्दल फार वाईट वाटलं.

तात्यांना पटेना. "थंडीनं लोखंड फुटतं व्हय?" म्हटलं, लोखंड थंडीनं नाही फुटलं, पाण्यानं फुटलं. फ्रीजरमध्ये काचेची भरलेली बाटली विसरली की काय होतं? पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं. बीडाला, म्हणजे ब्लॉकच्या ओतीव लोखंडाला, ताणायची सवय नाही, वाकायच्या आधी ते चिरतं. त्यावर तात्यांनी जे विचारलं ते मला आवडलं. त्याच आठवड्यात पेपरात वेण्णा लेकच्या जेटीवर हिमकण साचल्याचा फोटो आला होता. "म्हाबळेश्वरला बी गोठतंय की. मग आमच्या लाँचची इंजिनं का न्हाई फुटत?" आपल्याकडं गोठतं ते दव, पहाटेच्या तास-दोन तासांत, पानांवर आणि फळ्यांवर. ऊन आलं की गेलं. एवढं जड बीड आणि त्यातलं पाणी एवढ्यात गोठत नाही, त्याला दिवसरात्र शून्याखाली राहावं लागतं. म्हणून आपण ट्रॅक्टरमध्येही साधं पाणी ओततो आणि चालून जातं. ब्लॉकचं पाणी काढायची सवय आपल्या हाताला लागलीच नाही. वेल्च प्लगांना काही जण फ्रॉस्ट प्लग म्हणतात आणि पाणी गोठलं तर आधी ते उडतील, ब्लॉक वाचेल, असं समजतात. ती भोकं ओतकामातली माती काढायला ठेवलेली असतात. इथं दोन प्लग उडाले असणार आणि ब्लॉकही फुटला.

आता प्रश्न एवढाच होता की ऑइलात पाणी कुठून जातंय. बाहेरच्या भेगेतून पाणी बाहेर पडेल, ऑइलात कसं जाईल? हेड परत बसवलं, पाण्याची तोंडं पत्रा आणि रबर लावून बंद केली, बाहेरच्या भेगेवर रबर दाबून क्लॅम्प आवळला आणि १५ पीएसआय हवा भरली. गेजचा काटा खाली सरकायला लागला. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे तुकडे, ते ऑइलातच चालतात; त्यांच्या कप्प्याचं झाकण काढून आत साबणाचं पाणी मारलं. क्षणभर काहीच नाही. मग टॅपेटच्या भोकाशेजारी एक बुडबुडा फुगला, फुटला, दुसरा फुगला. तात्याही वाकून बघत होते. कुणी काही बोललं नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बीड शिवणारा एक कारागीर माझ्या ओळखीचा आहे. भेगेवर ओळीनं भोकं पाडायची, आटे घालायचे, एकात एक गुंतवून स्क्रू बसवायचे आणि घासून सपाट करायचे, असं त्याचं काम. त्याला फोटो पाठवले. त्याचा फोन आला, "बाहेरची शिवतो, भाऊ. आतली टॅपेटला लागून हाय, तिथं भिंत पातळ. गॅरंटी देत न्हाई." वेल्डिंग करायचं तर ब्लॉक तापणार, त्यात सिलिंडरच्या बोअरचा आकार बिघडायची भीती. तात्यांच्या पुतण्यानं फोनवरून जीपचं इंजिन बसवायचं सुचवलं, त्याला मी साफ नकार दिला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळाशी साचते. गाडीच्या स्टार्टरची ठिणगी उघडी असते, बोटीच्या इंजिनाचा बंदिस्त असतो.

संध्याकाळी तात्यांना स्पष्ट सांगितलं. "बाहेरून शिवून चालू करून देता येईल. महिनाभर चालेल, कदाचित वर्षभर. पण बोटीत तुमची सून असली तर तुम्ही ती पाण्यात सोडाल का?" ते बराच वेळ ट्रॉलीच्या दांडीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "न्हाई."

इंजिन आणि ड्राइव्ह दोन्ही उतरवलं. बोटीच्या मागच्या भिंतीतलं भगदाड मरीन प्लाय आणि फायबरनं भरून घेतलं, तिथं जुनं पण चांगल्या अवस्थेतलं ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या बाहेर लावायचं इंजिन, टांगलं. वेग निम्म्यावर आला, पण तात्यांना शर्यत लावायची नव्हती. आउटबोर्ड उभं ठेवलं की त्यातलं पाणी आपोआप उतरतं, ही गोष्ट त्यांना फार पटली.

फेब्रुवारीत बामणोलीला बोट पाण्यात सोडली तेव्हा नाक खाली आणि शेपूट वर. पावणेतीनशे किलोच्या आसपास वजन मागून काढलं होतं आणि टांगलेलं इंजिन शंभराच्या आतलं. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी दोन्ही मागं सरकवली, तशी बोट सरळ बसली. इंजिनाच्या बगलेतून थंडगार पाण्याची बारीक धार पडत होती. तात्यांनी तिच्याखाली हात धरला आणि ती कोमट होईपर्यंत काढला नाही.