विमान आपोआपच उडतं ना?

लग्नाची पंगत असो नाहीतर शेतातली भरीत पार्टी, काड्यांवर वांगी टाकली की मला, पायलटला, कुणीतरी हे विचारतंच. सगळ्यात टोचून विचारतात ते मामा. अमळनेर डेपोतून निवृत्त झालेले एसटीचे ड्रायव्हर. "इमान ते आपेआप उडस, मंग तुले पगार कसाना देतस?"

नेहमीचं उत्तर आधी देऊन टाकते. टेकऑफ हाताने. लँडिंगही बहुतेक वेळा हातानेच. ऑटोलँड दाट धुक्यासाठी, आणि त्याला खालच्या विमानतळावरही तशी यंत्रणा लागते. ऑटोपायलटला काय करायचं ते आम्हीच सांगतो. हे सगळं खरं आहे. तरीही मी दरवेळी चिडते, कारण प्रश्न बरोबर दुखऱ्या जागी लागतो. दोन तासांच्या उड्डाणात विमान माझ्या हातात असतं जेमतेम सहा-सात मिनिटं.

१ जून २००९ ला रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ समुद्रात पडलं. वेग मोजणाऱ्या नळ्या, म्हणजे पिटो, थोडा वेळ बर्फाने बुजल्या, ऑटोपायलट सुटला आणि को-पायलट स्टिक मागे ओढत राहिला. स्टॉलचा, म्हणजे नाक फार वर जाऊन पंखांची उचल सुटण्याचा, इशारा सलग ५४ सेकंद वाजला. २२८ माणसं गेली. फ्लाइंग स्कूलच्या होस्टेलवर या अपघातावर बोलताना मी ठसक्यात म्हणाले होते, "स्टॉल झाला की नाक खाली. पहिल्या महिन्यात शिकवतात हे. इतकं कसं कळू नये?"

त्या मुलीला तीन वर्षांपूर्वीच्या सिम्युलेटरमध्ये बसवायला हवं होतं. रात्री दोनचा स्लॉट. २५,००० फुटांतून वर चढतोय, आणि परीक्षकांनी माझ्या पिटोत बिघाड टाकला. अशा वेळी काय करायचं ते तोंडपाठ होतं, आजही आहे: ऑटोपायलट बंद, फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते पडद्यावर दाखवणाऱ्या रेघा) बंद, ऑटोथ्रस्ट (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) बंद, १०,००० फुटांच्या वर असाल तर नाक पाच अंश वर, थ्रस्ट क्लाइंबला, म्हणजे इंजिनाची ताकद वर चढण्याच्या खुणेवर. तिन्ही बंद केलंही. पण समोर वेगाचा आकडा वाढत चालला होता, आणि माझा हात त्या आकड्याच्या मागे गेला. वेग जास्त, म्हणून मी नाक वर घेतलं. नाक वर गेलं तशी उंची वाढली. बुजलेल्या नळीत जुना दाब अडकलेला असतो. बाहेरची हवा विरळ होत जाते तसा तिचा आकडा आणखी चढतो. म्हणजे मी जितकं ओढत होते, तितका तो आकडा मला आणखी ओढायला सांगत होता. ओव्हरस्पीडची घंटा वाजत होती. शेजारचे कॅप्टन "पिच, पिच" म्हणत होते, म्हणजे नाकाचा कोन बघ. शब्द ऐकू आला, अर्थ पोचला नाही. मग दुसरा आवाज सुरू झाला, "स्टॉल, स्टॉल". मी काय केलं? आणखी थोडं ओढलं. परीक्षकांनी सिम्युलेटर थांबवला तेव्हा नाक बारा अंशांवर होतं.

सेशन पुन्हा करावं लागलं. ते मी पास झाले. तो आनंद सांगण्यासारखा नाही, कारण दुसऱ्या वेळी बिघाड येणार हे मला माहीत होतं.

शाळेला दोष देऊ? देते थोडा. आमचे इन्स्ट्रक्टर स्टॉलचा हॉर्न वाजला की स्वतःच कंट्रोल पुढे ढकलायचे, "कळलं ना? चला." खरा स्टॉल, जिथे विमान हातातून निसटतं, तो मी शिकायच्या छोट्या सेसना विमानात पाहिलाच नाही. पण मलाही तो नकोच होता. वडिलांनी कापसाचं शेत तारण ठेवलेलं, आणि लायसन्सचे २०० तास कधी भरतात एवढंच डोक्यात. मी हट्टाने "पुन्हा दाखवा" म्हटलं नाही.

तास वाढवले की झालं, असंही म्हणवत नाही. २००९ मध्येच अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान स्टॉल होऊन पडलं, ५० जण गेले. त्यानंतर तिकडे एअरलाइनच्या को-पायलटलाही साधारणपणे १,५०० तासांची अट आली. त्या विमानातल्या दोघांचेही तास त्याहून जास्तच होते. तिथल्या कॅप्टननेही कंट्रोल मागेच ओढला होता.

मामांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, गिअर कधी बदलायचा हे त्यांना इंजिनाच्या आवाजावरून कळायचं, बत्तीस वर्षं, रोज. मग विचारलं, "आते जमस का तुले?"

जमतं, मी म्हणाले. गेल्या आठवड्यात पुण्याला उतरताना कॅप्टनना विचारलं, ऑटोथ्रस्ट बंद करून हाताने घेऊ का? त्यांनी ढगांकडे, मग पुढच्या ट्रॅफिककडे पाहिलं. "आज नको." त्यांचं बरोबरच होतं. मी ऑटोथ्रस्ट चालू ठेवला.