कोणाची मैत्रीण?

स्मरणिकेसाठी ‘आपल्या शाळेबद्दल’ लिहा, असा निरोप आला आणि आधी आठवला तो आठवीतला जर्मनचा तास. साल १९९१. संस्कृत सोडून जर्मन घेतलेले आम्ही सतरा जण प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत बसायचो. एकीकरण होऊन काही महिने उलटले होते, पण भिंतीवरच्या नकाशात अजून दोन जर्मनी होत्या. मधल्या सीमेवर बाईंनी निळ्या पेनने काट मारली होती.

माइन म्हणजे माझा, डाइन म्हणजे तुझा, हे एका तासात आलं. ‘त्याचा’ला झाइन आणि ‘तिचा’ला ईअर, इथे गाडी अडली. आम्ही इंग्रजीच्या वाटेने चाललो होतो. इंग्रजीत भाऊ असो की बहीण, हिज ते हिजच. इथे मात्र झाइन ब्रूडर, पण झाइने श्वेस्टर. मागच्या बाकावरून कोणी तरी कुरकुरलं, “हे शेपूट कशाला?”

बाई म्हणाल्या, “घरी काय बोलता रे? त्याचा भाऊ, त्याची बहीण. तिचा भाऊ, तिची बहीण. आधी मालक बघा, मग वस्तू बघा. इंग्रजी दप्तरात ठेवा.”

हा तास मधल्या सुट्टीच्या आधी असायचा, त्याचा बाई पुरेपूर फायदा घ्यायच्या. सगळ्यांचे डबे टेबलावर मांडायच्या. जर्मनमध्ये डबा स्त्रीलिंगी, ब्रोटडोजे. आत पोळी आणि बटाट्याची भाजी, नाव मात्र पावाचं! एकेक डबा उचलून त्या विचारायच्या, “इस्ट दास डाइने ब्रोटडोजे?” आपला नसेल तर मालकिणीकडे बोट दाखवून म्हणायचं, “नाइन, दास इस्ट ईअरे ब्रोटडोजे.” चुकलं की डबा सुट्टीची पाच मिनिटं बाईंकडे जप्त. पुढे ‘माइनेन ब्रूडर’ आलं तेव्हाही त्यांनी तक्ता काढला नाही. “माझा भाऊ, पण माझ्या भावाला. तुमचा ‘माझा’ बदलतो, मग त्यांचा ‘माइन’ बदलला तर बिघडलं कुठे?”

लिंगांचं मात्र पाठच करावं लागलं. तीन लिंगं आपल्यासारखीच, पण वाटणी भलतीच. सूर्य ती, चंद्र तो आणि मुलगी चक्क ते.

सहामाहीत ‘माझं कुटुंब’ यावर दहा ओळी होत्या. बाबांबद्दल लिहून झाल्यावर मी ताईकडे वळलो आणि दिमाखात लिहिलं, ‘झाइने फ्रॉइंडिन शेजारी राहते.’ पेपर हातात आला तेव्हा त्याखाली लाल रेघ आणि समासात मराठीत एकच शब्द, ‘कोणाची?’ ताईची मैत्रीण म्हणायची तर ‘ईअरे’ हवं होतं. माझ्या निबंधात पुरुष एकच होता, बाबा. म्हणजे शेजारी राहणारी मैत्रीण त्यांची झाली! आईला जर्मन येत नव्हतं, एवढं नशीब.

एक गोष्ट मात्र त्या भाषेला जमत नाही. आमची शाळा आणि आपली शाळा, दोन्हींना उन्झरे शूले. समोरच्याला धरलंय की वगळलंय, ते सर्वनामावरून कळत नाही.

पुढे कंपनीच्या कामासाठी श्टुटगार्टला होतो. ‘आपला’ या आदरार्थी अर्थाचा शब्दही ईअरच, उच्चारही तोच; फक्त लिहिताना पहिलं अक्षर मोठं. आम्ही शिकलो तेव्हा पत्रात ‘डाइन’चंही पहिलं अक्षर मोठं काढायचे. १९९६च्या शुद्धलेखन सुधारणेने ते लहान केलं आणि २००६पासून पत्रात दोन्ही चालतात. मी ऐकीव माहितीवर सगळंच लहान करून टाकलं होतं. एका ग्राहकाला ‘आपल्या मेलबद्दल आभार’ असं लिहिलं, त्याचं झालं ‘तिच्या मेलबद्दल आभार’. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने ते पाठवण्याआधी वाचलं आणि पडद्यावर बोट टेकवून विचारलं, “वेसेन मेल?”

कोणाची मेल?

मी अक्षर मोठं केलं आणि पाठवून दिली.