अर्धा दिवस ब्रेक लावून सायकल चालवणारे काका

मी सायकल मेकॅनिक आहे. गावात छोटं दुकान आहे पण शनिवार-रविवार ते बहुतेक बंदच असतं, कारण एमटीबी म्हणजे डोंगरात चालवायच्या सायकलींच्या राइड नेणारा एक ग्रुप आहे त्यांच्यासोबत मी डोंगरात असतो. मेकॅनिक कम स्वीप. स्वीप म्हणजे सगळ्यात शेवटी चालणारा माणूस, त्याच्या मागे कुणी राहता कामा नये एवढा एकच नियम. कुणाची चेन तुटली, कुणाला गोळे आले, कुणाचं आणि बायकोचं रस्त्यातच भांडण झालं, सगळं स्वीपच्या वाट्याला. पुढचे लोक फोटो काढून, चहा पिऊन निघालेले असतात आणि मी पोचेपर्यंत भजी संपलेली असतात. तरी मला हेच काम आवडतं, कारण मागून सायकलींचे आवाज नीट ऐकू येतात.

तर ही गोष्ट नोव्हेंबरअखेरची. रूट आमचा नेहमीचा लाडका, सकाळी महाबळेश्वरच्या जंगलातले तांबडे कच्चे रस्ते, मग तापोळ्यापर्यंत उतार, तिथून तराफ्यात सायकली टाकून पलीकडे आणि मग बामणोलीवरून कास पठाराचा चढ. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आणि तापोळा शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठाला, म्हणजे ६६० च्या आसपास. सातशे मीटर उतरायचं आणि दुपारी उन्हात पुन्हा साडेपाचशे मीटर चढायचं, आणि ते चढायचं आहे हे उतरताना कुणाच्याच डोक्यात नसतं.

त्या दिवशी आठ जण होते. त्यात कोल्हापूरचे एक काका आणि त्यांची पोरगी. काका बँकेतून नुकतेच रिटायर झालेले, पोरगी पंचविशीतली आणि एकदम फिट. आदल्या रात्री जेवताना काका म्हणाले मी दर रविवारी पन्हाळा चढतो. टेबलावरच्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने तर विचारलं, "काका, गाडीने का?" काका हसले फक्त.

सकाळी सगळ्यांच्या सायकली तपासल्या. टायर, अॅक्सल, हेडसेट, ब्रेक. काकांची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, चांगली होती, हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे ऑइलच्या दाबाने चाकावरची चकती पकडणारे ब्रेक, लिव्हर दाबला तर दगडासारखा कडक. म्हणलं वा. काका म्हणाले, "सगळं सर्व्हिसिंग करून आणलंय मास्तर, ऑइलसुद्धा नवीन भरलंय. घरात लग्नकार्य होतं म्हणून तीन आठवडे नुसतीच भिंतीला टेकून होती, आज पहिल्यांदाच काढलीय."

निघालो. ते जंगल ज्यांनी फक्त पॉइंटवरून बघितलंय त्यांना सांगून कळायचं नाही. आत शिरलं की जांभूळ, अंजनी, हिरडा, सगळी झाडं बुटकी आणि एकमेकांत गुंतलेली, ऊन खालपर्यंत येतच नाही, वाट जांभ्या दगडाची आणि त्यावर पानांचा थर, थराखाली मुळं, आणि सकाळच्या दवाने ती मुळं इतकी गुळगुळीत होतात की पुढचं चाक तिरकं घातलं की गेलात. तिथे मुळाला काटकोनात जायचं, ब्रेक मुळाच्या आधी मारायचा, मुळावर नाही. हे मी सगळ्यांना सांगतो आणि तरी पहिल्या अर्ध्या तासात दोघं तरी पडतातच. त्या दिवशीही पडले. एका ठिकाणी वर शेकरू ओरडत होतं, दुसऱ्या ठिकाणी वाटेवर गव्याचं ताजं शेण, मग सगळे अचानक शांत आणि एकदम जवळजवळ चालवायला लागले.

काका मात्र मागे पडत होते. पहिल्या तासात थोडे, मग बरेच. छोट्या छोट्या चढालासुद्धा सगळ्यात हलका गियर, चेहरा लाल, टीशर्ट पिळून काढण्यासारखा. पोरगी पुढे जायची, थांबायची, परत यायची. "पप्पा, झेपत नसेल तर गाडीत बसा ना." काका म्हणायचे, "न्हाई गं, लग्नाचं जेवण अंगावर आलंय, पाय भरल्यात नुस्ते." मला त्यांचं वाईट वाटत होतं पण काहीतरी खटकत पण होतं. माणूस दमला की त्याची मान खाली जाते, खांदे हलायला लागतात, पेडल तुटक तुटक मारतो. काकांचं पेडलिंग एकसारखं गोल होतं, खांदे स्थिर होते. पायाला सवय होती, हे दिसत होतं. आणि सायकल पुढे जात नव्हती.

मग एका सपाट तुकड्यावर आवाज आला, बारीक, सर्र सर्र, पुढच्या चाकातून. थांबवलं. चाक उचलून फिरवलं तर दीड फेऱ्यात बंद. ब्रेकचे पॅड चकतीला घासत होते. हे फार कॉमन आहे, वाहतुकीत कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ठेवणारा भाग, जरा सरकतो. दोन बोल्ट ढिले केले, लिव्हर दाबून धरला, कॅलिपर बरोबर मध्ये आला, बोल्ट आवळले, चाक मस्त फिरायला लागलं. काका खूश. वीसेक मिनिटं बरं चाललं आणि मग परत सर्र सर्र. परत केलं. परत तेच. आणि दुसऱ्या वेळी लक्षात आलं की लिव्हर सोडल्यावर तो टचकन परत येत नव्हता, आळस देत येत होता.

तोपर्यंत आम्ही तापोळ्याच्या उताराला लागलो होतो. पुढची सगळी पोरं सुसाट गेलेली, बॅकअप गाडी सामान घेऊन तराफ्याच्या लायनीत लागायला खाली गेलेली, मोबाईलला रेंज नाही. काका, त्यांची पोरगी आणि मी. तो रस्ता भारी आहे खरं, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल कोयनेचं खोरं. ही कोयना महाबळेश्वरात उगम पावते आणि आपण धापा टाकत तापोळ्याला पोचतो तेव्हा तिथे एवढी पसरून बसलेली असते की पलीकडे जायला तराफा लागतो. पण त्या दिवशी मी दरीकडे बघतच नव्हतो. मी काकांच्या पुढच्या चाकाकडे बघत होतो.

तिसऱ्या चौथ्या वळणानंतर काका ओरडले, "मास्तर, ब्रेक आपोआप लागतोय!" मी ओरडलो, "मागचा धरा, डोंगराच्या कडेला घ्या, बूड मागे!" पुढचं चाक उतारावर अचानक जाम झालं तर माणूस हँडलवरून थेट पुढे जातो, आणि त्या वळणाच्या पुढे कठडा पण नव्हता. काकांनी शांतपणे सायकल आतल्या बाजूच्या गटाराकडे घेतली, वेग आधीच मेलेला होता, आणि शेवटचे चार फूट पुढचं चाक फिरलंच नाही, नुसतं घसटत गेलं. सायकल आडवी, काका उभे. एक ओरखडा नाही. पन्हाळ्याचा घाट उतरणारा माणूस आहे हे तेव्हाच मला पटलं.

रोटर, म्हणजे ती ब्रेकची चकती, निळसर पडला होता आणि जळका वास. पोरगी हात लावायला गेली, तिला आधी मागे ओढलं, बोटाची कातडी तिथेच राहिली असती. काका बाटली काढून पाणी ओतायला निघाले, त्यांनाही थांबवलं. तापलेल्या रोटरवर गार पाणी पडलं की तो वाकडा होतो. नुसतं थांबायचं, वारा पुरतो.

आता एरवी उतारावर ब्रेक जातो म्हणजे लिव्हर मऊ पडतो, हँडलला टेकतो. इथे उलटं. लिव्हर इतका कडक की दाबलाच जाईना, आणि न दाबता ब्रेक लागलेला. याचं कारण बहुतेक एकच. लिव्हरच्या आत एक बारीक भोक असतं. ब्रेक सोडला की पिस्टन मागे येतो, भोक उघडतं आणि तापून फुगलेलं ऑइल त्यातून मागच्या टाकीत जातं. पिस्टन पूर्ण मागे आलाच नाही तर ते भोक झाकलेलंच राहतं, ऑइलला जायला जागा नाही, म्हणून ते पॅडला ढकलतं. पॅड घासला की अजून ताप, अजून फुगणं, अजून घासणं. आणि पिस्टन मागे का येत नाही, तर त्याचं रबर फुगलंय म्हणून. चांगल्या ब्रँडचं रबर असं तीन आठवड्यात का फुगेल?

तेवढ्यात टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या नळीवर, नजर गेली. लिव्हरच्या बरोबर खाली रुपयाएवढा रंग फोड येऊन उडालेला. काकांना विचारलं हे कधी झालं. म्हणाले सर्व्हिसिंगनंतर दिसलं, घासलं असेल कुठेतरी. मी विचारलं सर्व्हिसिंग कुठे केलं. तर घराच्या कोपऱ्यावर एक पोरगा आहे, मोटरसायकलचं गॅरेज, हात फार चांगला आहे त्याचा, काकांकडून पैसे पण घेत नाही.

मी कपाळाला हात लावला. पण खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही असं मी ठरवलेलं आहे.

थोडं खाली वळणावर एक आजी लिंबू सरबताचा स्टॉल लावून बसलेल्या. तिथपर्यंत चाक उचलून नेली सायकल. आजींकडे दोन कागदी कप मागितले, पाणी घालून. आधी माझ्या सायकलच्या लिव्हरचा वरचा स्क्रू काढला, काडी बुडवून एक थेंब पहिल्या कपात सोडला. गुलाबी थेंब, पाण्यावर गोल तरंगत राहिला. हे मिनरल ऑइल. मग काकांच्या पुढच्या कॅलिपरला फडकं गुंडाळून त्याचा ब्लीड स्क्रू जरा सोडला, तर आतून पिचकन ऑइल बाहेर आलं आणि त्याच क्षणी पुढचं चाक सुटलं. त्यातला एक थेंब दुसऱ्या कपात. फिकट पिवळा, सरळ खाली गेला आणि साखर विरघळावी तसा पाण्यात गायब.

डॉट फ्लुइड. मोटरसायकलच्या, कारच्या ब्रेकमध्ये घालतात ते. पाण्यात विरघळतं, रंग खातं, आणि मिनरल ऑइलसाठी बनवलेल्या रबराची वाट लावतं. लिव्हरच्या टाकीवर इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलेलं पण असतं की फक्त मिनरल ऑइल, पण गॅरेजात उन्हात उकिडवं बसून कोण वाचतंय. त्या पोराच्या फळीवर ब्रेक ऑइल म्हणजे डॉटचीच बाटली असणार. त्याने मनापासून नवीन फ्रेश ऑइल भरलं, पुढे पण आणि मागे पण.

आजी मघापासून बघत होत्या. "आरं पाण्यात कसलं अवशीद टाकतुयास त्ये?" म्हणलं आजी विष आहे, कप लांब टाकतो. तर म्हणाल्या, "मग माजं कप कशाला घेतलंस?" सरबत तीन घेतली, कपाचे पण पैसे दिले.

काका म्हणाले, "आता सुटलंय ना चाक, हळूहळू जातो की खाली."

"काका, हळूहळू जायलाच ब्रेक लागतो."

थोडा वेळ वाद झाला. त्यांना वाटत होतं आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय, सकाळपासून तेच वाटत होतं त्यांना. शेवटी पोरगीच म्हणाली, "दादा, तुमची सायकल पप्पांना बसेल का?" बसत होती. सीट बोटभर खाली घेतली, सांगितलं की एका बोटाने ब्रेक मारा, माझे जरा शार्प आहेत. ते दोघं गेले. मी काकांची सायकल घेऊन आजींच्या स्टॉलवर बसलो, आणि स्वीप असून माझ्या मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही अशी ती एक विचित्र वेळ होती. मग महाबळेश्वरला भाजी उतरवून परत निघालेला एक पिकअप मिळाला, रिकाम्या क्रेटमध्ये सायकल आणि मी.

तापोळ्याला पोचलो तर जेवणं आटपलेली. लीडरने मला बाजूला घेऊन विचारलं, "कासच्या चढाला काकांना गाडीत बसवू या का?" मी म्हणलं विचार त्यांना. विचारलं. काका म्हणाले, "बघूया की जरा."

तराफ्यातून पलीकडे उतरलो, बामणोलीपासून चढ सुरू झाला. मी बॅकअप गाडीत. रस्ता वळत वळत वर जातो, खाली पाणी, समोर कोयना अभयारण्याचं गच्च जंगल. पहिल्या दोन किलोमीटरात काका नेहमीप्रमाणे शेवटी होते. मग सहाव्या झाले. मग ते रात्री "गाडीने का" विचारणारं पोरगं, ज्याची कार्बनची सायकल माझ्या दुकानातल्या सगळ्या मालापेक्षा महाग असेल, त्याच्या शेजारून काका गेले. काही बोलले नाहीत, बसूनच, तेच एकसारखं गोल पेडलिंग. त्या पोराने उभं राहून जोर लावला, शंभर मीटर टिकला. गाडीचा ड्रायव्हर हसून हसून स्टिअरिंगवर आपटत होता.

कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं की सकाळपासून हा माणूस ब्रेक लावलेल्या सायकलवर आमच्यासोबत चालत होता. अख्खं जंगल त्यांनी तसं पार केलं होतं आणि वर लग्नाच्या जेवणाला दोष देत होते. आता मोकळ्या ब्रेकची माझी सायकल मिळाल्यावर काय होणार होतं ते झालं. कासला पोरगी दुसरी पोचली आणि टपरीवर काका आधीच बसलेले, समोर कांदा भजीची प्लेट. फुलांचा सीझन संपलेला, पठार वाळकं पिवळं, थंड वारा सुटलेला. बाकीचे एकेक करून आले आणि कुणीच फारसं बोलेना. ते कार्बनवालं पोरगं मात्र चांगलं निघालं, आल्या आल्या काकांच्या पाया पडलं आणि उरलेली भजी खाल्ली. आयुष्यात पहिल्यांदा मला पण मिळाली.

काकांची सायकल मी दुकानात ठेवून घेतली. ब्रेक खोलले तर रबरं फुगून काठाबाहेर आलेली, पिस्टन हाताने निघेना. असे ब्रेक धुऊन वगैरे चालत नाहीत, रबरात शिरलेलं निघत नाही, उद्या परत तेच. पाइपसकट दोन्ही सेट बदलावे लागले. बिल सांगताना मीच अवघडलो. काकांनी मुकाट्याने दिलं, आणि एक अट घातली की त्या गॅरेजवाल्याला काही बोलायचं नाही, फुकट केलं होतं त्याने. म्हणलं बोलत नाही, पण त्याला कळायला तर पाहिजे, उद्या दुसऱ्या कुणाचं करेल. मग मिनरल ऑइलची एक छोटी बाटली काकांसोबत त्याला पाठवली आणि वर माझा नंबर.

आठवड्याने त्याचा फोन आला. पोरगा खरंच चांगला, सॉरी सॉरी म्हणत होता, कप आणि पाण्याची टेस्ट कशी करायची ते विचारून घेतलं, दोन सायकली तपासल्या पण होत्या त्याने. सगळं बोलून झाल्यावर म्हणाला, "दादा, हे ऑइल लई भारी दिसतंय, थोडं उरलंय, एका गिऱ्हाइकाच्या बुलेटला टाकू का?"

मी इतक्या जोरात नको म्हणलं की दुकानातलं गिऱ्हाईक दचकून वळलं. बुलेटचं रबर डॉटसाठी असतं रे बाबा, त्यात हे गेलं की तेच सगळं पुन्हा, फक्त या वेळी दोनशे किलोच्या गाडीवर.