तुम्ही विचारलंत म्हणून: रील करणाऱ्या पोरांना आणखी काय शिकवायचं?

नाशिकच्या एका शाळेत मी शनिवारी आठवी-नववीच्या मुलांना व्हिडिओ बनवायला शिकवते. हे कळलं की पालक हमखास विचारतात, "मॅडम, रील तर आमचा कार्टा झोपेतसुद्धा बनवतो. त्याला तुम्ही आणखी काय शिकवणार?" प्रश्न रास्त आहे. कुठला फिल्टर कुठे सापडतो, हे मीच मुलांना विचारते.

त्यांना जमत नाही ते थांबणं. पहिल्याच तासाला मी सांगते, शाळेच्या फाटकाचा एक शॉट घ्या, फोन न हलवता, दहा सेकंद. तिसऱ्या सेकंदाला कुणी झूम करतं, कुणी फोन फिरवतं. "पण मॅडम, काही घडतच नाहीये!" मग तोच शॉट मिनिटभर घ्यायला लावते. तेवढ्यात शिपाईकाका कडी काढतात, उशिरा आलेलं एक पोर दप्तर पोटाशी धरून आत सटकतं. मी बरीच वर्षं लग्नांच्या शूटिंगचं एडिटिंग केलंय. हार घालायच्या आधी आणि नंतर दोन-तीन सेकंद जास्तीचे नसतील, तर कापायचं कुठे?

कॅमेरा कोणता घेऊ, असंही पालक विचारतात. घरातला फोन पुरे. पैसे घालायचेच तर साध्या कॉलर माइकवर घाला. चित्र जरा अंधुक असलं तरी लोक बघतात. बोलणं पंख्याच्या घरघरीत बुडालं की उठून जातात. मुलाखत घेताना मुलं समोरच्याच्या दर वाक्याला "हो हो", "अच्छा" करतात आणि ते सगळं रेकॉर्ड होतं. म्हणून नियम असा: मान हलवा, तोंड मिटा. उत्तर संपलंसं वाटलं तरी पुढचा प्रश्न लगेच टाकायचा नाही. शाळेसमोरच्या चहावाल्या आजोबांना मुलांनी धंद्याचं विचारलं होतं. ते बोलायचे थांबले, मुलंही कशीबशी गप्प राहिली आणि आजोबा म्हणाले, "मी याच शाळेत होतो, सातवीपर्यंत." कागदावर लिहून नेलेल्या प्रश्नांत हे कुठेच नव्हतं. निघण्याआधी सगळ्यांनी गप्प राहून त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्यायचा. एडिटिंगमधल्या फटी त्यानेच बुजतात. तेव्हा हसू आवरताना पोरांची काय तारांबळ उडते!

थोडं विज्ञानही येतं ओघाने. वर्गात शूट केलं की कधीकधी चित्रावर काळे पट्टे सरकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटर, म्हणजे एका चित्रासाठी कॅमेरा उजेड घेतो तो वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात.

पण थांबण्याची खरी परीक्षा कुंडीपाशी होते. दादासाहेब फाळके इथलेच, त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याच्या आधी, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला होता. आम्ही मटकी पेरतो. फोन स्टँडवर, चार्जर लावलेला, फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) लॉक, खिडकी झाकलेली आणि एकच बल्ब रात्रंदिवस चालू. दर पाच मिनिटांनी एक फोटो, म्हणजे दिवसाला २८८. चार दिवसांचे ११५२. हे फोटो जोडून, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ फोटो, धरले तर हाती पडतात जेमतेम ४६ सेकंद. हा हिशेब फळ्यावर मांडला की वर्गात सुस्कारा उमटतो.

गेल्या खेपेला तिसऱ्या दिवशी कुणीतरी मायेने पाणी घालताना कुंडी सरकवली. रोपाने पडद्यावर टुणकन उडी मारली. आहे तसंच ठेवायचं की नव्याने पेरायचं, यावर वर्गात हात वर करून मतदान झालं. पोरांनी पुन्हा मटकी भिजत घातली.