हेलियमचा हिशेब आणि सतराचा आकडा

माझी भाची यंदा अकरावीत आहे. तिचे घरातले बोलणे मराठीत असले, तरी विज्ञान ती हिंदी माध्यमातून शिकते. त्यामुळे इंदूरच्या आमच्या घरी शिकवणीची सुरुवात शब्दांच्या जुळवाजुळवीने होते: तिच्या पुस्तकातला ‘परमाणु’ तो आपला अणू, आणि तिच्या पुस्तकातला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. हा घोळ मी स्वतः लहानपणी पुरेसा भोगलेला आहे.

मागच्या आठवड्यात तिने विचारले, “मावशी, हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच कक्षेत आहेत ना? मग पहिला काढायला २४.५९ इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि दुसरा काढायला ५४.४२, असं का?” (इलेक्ट्रॉन व्होल्ट हे अणूंच्या हिशेबात वापरले जाणारे ऊर्जेचे एकक.) पहिला गेल्यावर उरलेल्यावरची केंद्रकाची पकड वाढते, असे उत्तर मी दिले. ते चुकीचे नव्हते. पण किती वाढते आणि तेवढीच का, याविषयी त्यात काहीच नव्हते, म्हणून आम्ही वही उघडली.

एकच इलेक्ट्रॉन उरलेला असेल तर हिशेब अगदी सरळ आहे. हायड्रोजनसाठी लागणारे १३.६० घ्यावेत आणि केंद्रकातील प्रोटॉनांच्या संख्येच्या वर्गाने गुणावे. बोर यांच्या १९१३ च्या सिद्धान्तातून हेच सूत्र मिळते. हेलियमसाठी चौपट म्हणजे ५४.४२, लिथियमसाठी नऊपट म्हणजे १२२.४५ आणि बेरिलियमसाठी सोळापट म्हणजे २१७.७२. मोजलेल्या किमतीही याच आहेत. अडचण येते ती त्याच कक्षेत दुसरा इलेक्ट्रॉन बसला म्हणजे.

हेलियममध्ये दुसऱ्याच्या उपस्थितीमुळे ५४.४२ ऐवजी २४.५९ पुरतात, म्हणजे २९.८३ कमी. लिथियमचा तिसरा, बाहेरचा इलेक्ट्रॉन आधीच काढून टाकला, तर पुढच्याला ७५.६४ लागतात, येथे सूट ४६.८१. बेरिलियमचे बाहेरचे दोन काढल्यावर पुढच्याला १५३.९० लागतात, म्हणजे सूट ६३.८२. मग दुसऱ्या टोकाला हायड्राइड आयन घेतला, म्हणजे एका प्रोटॉनभोवती दोन इलेक्ट्रॉन. त्यातला एक अवघ्या ०.७५ इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये सुटतो, म्हणजे सूट १२.८४. वहीत आता १२.८४, २९.८३, ४६.८१ आणि ६३.८२ असे चार आकडे एकाखाली एक उभे होते, आणि त्यांच्यातील फरक प्रत्येक वेळी जवळजवळ १७ भरत होता. इतकी वर्षे हे विषय शिकवूनही ही वजाबाकी मी कधी ओळीने मांडून पाहिली नव्हती, हे कबूल करायला हवे.

या सतराचे कारण असे. केंद्रकाचा प्रभार वाढला की इलेक्ट्रॉनांचे मेघ, म्हणजे ते जिथे सापडण्याची शक्यता असते ते भाग, त्याच प्रमाणात आक्रसतात, दोघांमधील सरासरी अंतर तितके कमी होते, आणि अपकर्षणाची, म्हणजे एकमेकांना दूर ढकलण्याची, ऊर्जा अंतराच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे तीही तेवढ्याच पटीने वाढते. मेघांचा आकार एकमेकांमुळे मुळीच बदलत नाही असे धरले, तर ही ऊर्जा १३.६ च्या सव्वापट, म्हणजे १७.०, गुणिले प्रोटॉनांची संख्या एवढी निघते. हेलियमसाठी ३४.० यायला हवेत, प्रत्यक्षात २९.८३ आहेत. उरलेले सव्वाचाराच्या किंचित आतले आकडे चारही ठिकाणी सारखेच येतात: ४.१६, ४.१८, ४.२१, ४.२१.

ही इलेक्ट्रॉनांनी परस्परांशी जमवून घेतल्याची बचत आहे. दोन्ही मेघ थोडे फुगतात, त्यातून २.६६ वाचतात, उरलेली सुमारे दीड इलेक्ट्रॉन व्होल्टची बचत मुख्यतः ते एकमेकांना टाळत फिरतात यामुळे होते. हे टाळणे गणितात आणण्यासाठी हिलेरास यांनी १९२९ मध्ये दोन इलेक्ट्रॉनांमधील अंतरच थेट तरंगफलनात, म्हणजे इलेक्ट्रॉनांची स्थिती सांगणाऱ्या गणिती सूत्रात, घातले आणि हेलियमचे उत्तर प्रयोगाच्या अगदी जवळ नेले.

हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या एकूण ७९ मध्ये दीड म्हणजे किरकोळ रक्कम वाटेल. हायड्राइडचे मात्र सगळे अस्तित्व तिच्यावर उभे आहे. जमवून घेणे नसते तर १७.० चे अपकर्षण १३.६० च्या बंधनाला पुरून उरले असते. नुसते मेघ फुगवूनही हिशेब पाऊण इलेक्ट्रॉन व्होल्टने तुटीतच राहतो. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागात हे आयन अत्यल्प असतात, तरी तेथील वायूच्या अपारदर्शकतेला मुख्यतः तेच कारणीभूत आहेत, हे खगोलशास्त्रज्ञ रूपर्ट विल्ट यांनी १९३९ मध्ये सुचवले. ०.७५ ला सुटणारा इलेक्ट्रॉन दृश्य प्रकाशाचा कोणताही कण शोषून बाहेर पडू शकतो. या आयनावर पुढे खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनीही बरेच काम केले.

भाचीला लगेच लिथियमचा तिसरा इलेक्ट्रॉनही याच रांगेत बसवायचा होता, पण तो बसत नाही. तो दुसऱ्या कक्षेत असतो. आतल्या दोघांनी केंद्रक पुरते झाकले असते तर त्याला १३.६ चा चौथा हिस्सा, म्हणजे ३.४०, पुरले असते. प्रत्यक्षात ५.३९ लागतात, कारण त्याचा मेघ आतल्या मेघात शिरतो आणि तिथे त्याला केंद्रकाचे तिन्ही प्रोटॉन जाणवू लागतात.