साब ३७ व्हिगन: किट उघडण्याआधी विमान ओळखा

व्हिगन या स्वीडिश युद्धविमानाचं मॉडेल बांधायला घेताना आधी प्रकार नक्की करा: हल्ल्यासाठीचं एजे ३७ की लढाऊ जेए ३७. उंच शेपूट दिसली म्हणून जेए समजू नका, दोन आसनी एसके ३७ची शेपूटही उंचच आहे. विमान पोटाकडून पाहा. पंखाखाली एलेव्हॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) हलवणाऱ्या जॅकवरची लांबट आवरणं एजेला दर पंखाला ३, जेएला ४. शिवाय जेएच्या पोटाखाली, मध्यरेषेच्या डावीकडे, ३० मिमी ओर्लिकॉन तोफ बसवलेली असते. एजेला अंगची तोफच नाही. नाकाजवळचा आकडा हवाईतळाचा, म्हणजे ७ असेल तर सातेनेसचा एफ ७ तळ.

संदर्भासाठीचे फोटो एकाच विमानाचे आणि एकाच काळातले हवेत, कारण पुढे बरीच जेए राखाडी रंगात गेली.

खरी कसोटी चार रंगांच्या तुकड्यातुकड्यांच्या कॅमोफ्लाजची. मातकट, फिका हिरवा, गडद हिरवा, काळा, याच क्रमाने रंगवा. काळ्यावर फिका रंग चढवायला जाड थर लागतात आणि कडेला उंचवटा उरतो. रेषा सरळ आणि धारदार आहेत, टेप न लावता फ्रीहँड एअरब्रश इथे चालत नाही. टेपची कड नखाने दाबा, तिच्यावर आधी खालचाच रंग पातळ मारा. फट असलीच तर तोच रंग आत शिरतो, पुढचा झिरपत नाही. टेप रंग कडक व्हायच्या आत, मागे दुमडून, सावकाश काढा. पॅनेलच्या खाचांवर मात्र टूथपिकने टेप पुन्हा दाबावी लागते, झिरपणं बहुतेक तिथूनच होतं.