शून्य बरोबर, पस्तीस चूक: रीफ टँकचं पाणी तपासताना मी कुठे अडकले

पाच आठवडे मी माझ्या रीफ टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या प्रवाळांच्या टाकीत, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घालत होते, आणि दुखणं होतं सॅलिनिटीचं, म्हणजे पाण्याच्या खारेपणाचं. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा सांगणारा मीटर) दर वेळी ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) दाखवायचा, पाण्यात प्रत्यक्षात ३१ च्या आसपास होतं. त्याची चीड अजून गेलेली नाही, कारण ज्या तपासणीने हे अर्ध्या तासात कळलं असतं, ती ना दुकानदाराने सांगितली ना मीटरच्या खोक्यातल्या कागदाने.

टाकी पुण्यात आहे, दगड-वाळू वजा करून १०० लिटर पाणी. आत झोआ, मशरूम, लेदर असे मऊ प्रवाळ. (दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ चं संरक्षण आहे, कुणी विकायला आणले तरी घेऊ नका.) टाकी सायकल होणं (घाण पचवणारे जिवाणू टाकीत रुजणं), अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येणं हे सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

पहिल्या पूर्ण तपासणीत केएच (पाण्याची क्षारीयता, अंशांत) ७.१ आला, कॅल्शियम लिटरला ३७० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ११५०. मला हवं होतं केएच ८, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३००. तीन आकडे कमी, म्हणून तीन डोस, असा मी सरळ हिशोब केला. तिथेच चुकले. हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडून भागाकार केला असता तर दिसलं असतं की तिन्ही एकाच प्रमाणात, साधारण ११ टक्क्यांनी, खाली आहेत. प्रवाळ किंवा कोरलाइन शेवाळ चुना बांधतं तेव्हा असं कधीच होत नाही. तेव्हा केएच २.८ ने उतरतो तेवढ्यात कॅल्शियम जेमतेम २० मिलिग्रॅमने उतरतं आणि मॅग्नेशियम जवळपास जागचं हलत नाही. म्हणजे केएच एकटाच खाली असेल तर पाण्यात खप आहे, आणि तिन्ही मिळून सारखे खाली असतील तर पाणीच पातळ आहे. डोसच्या बाटलीला हात लावण्याआधी हा भागाकार करा.

दुसरी खूण मिठाच्या पिशवीवरच होती. तिच्यावर लिटरला ३८ ग्रॅम लिहिलेलं, आणि माझा मीटर ३४ ग्रॅममध्येच ३५ दाखवायचा. मला वाटलं, मीठ चांगलं आहे. पिशवीवरच्या वजनात आणि मीटरच्या आकड्यात एवढा फरक पडला तर आधी मीटरवर संशय घ्यावा.

मीटर विकणाऱ्याचं म्हणणं एकच: "आरओच्या पाण्यात शून्य दाखवतो ना? मग मीटर ओके आहे." शून्य खरंच बरोबर होतं. पण शून्य बरोबर म्हणजे पस्तीस बरोबर असं नसतं. स्वस्त रिफ्रॅक्टोमीटरच्या पट्टीचा उतारच चुकलेला असू शकतो, मग शून्यापासून जितकं दूर जावं तितकी चूक वाढते. शिवाय यातले बरेच मीटर मुळात साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेले असतात. समुद्राचं ३५ पीपीटी पाणी आणि ३.६५ टक्के साधं मिठाचं पाणी प्रकाशाला सारखंच वाकवतात, त्यामुळे असा मीटर निर्दोष असला तरी दीडेक पीपीटी जास्त दाखवणारच.

याच गोष्टीचा उपयोग करून घरीच तपासणीचं पाणी बनवता येतं. ७३ ग्रॅम मीठ आणि १९२७ ग्रॅम पाणी, एकूण बरोबर २ किलो. पाणीही वजनानेच घ्यायचं, मापाने नाही. एवढं मोठं प्रमाण मुद्दाम घेतलंय: स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमचाच फरक दाखवतो, आणि १०० ग्रॅम पाण्यात ३.६५ ग्रॅम मोजायला गेलात तर काट्याचीच चूक मीटरच्या चुकीपेक्षा मोठी होईल. पिशवीतलं साधं बारीक मीठ चालतं, आयोडीनने इथे फरक पडत नाही. खडे मीठ आणि सैंधव नको. पावसाळ्यात मीठ ओल धरतं, म्हणून आधी कोरड्या कढईत दहा मिनिटं परतून पूर्ण गार करून मगच तोला. ओलं मीठ तोललंत तर द्रावण पातळ होतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. तयार द्रावण घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. झाकण सैल राहिलं तर पाणी उडून ते दाट होतं.

माझ्या मीटरने या पाण्यात ३९ दाखवलं. वरचा स्क्रू फिरवून रेघ ३५ वर आणली. आता आरओच्या पाण्यात तो शून्याच्या खाली जातो. जाऊ दे, टाकीत शून्य पीपीटी कधीच मोजायचं नाही.

मोजताना काच आधी आरओच्या पाण्याने धुवून मऊ कापडाने टिपायची, कारण वाळलेलं मीठ पुढचा आकडा वाढवतं. तीन-चार थेंब, झाकणाखाली बुडबुडा नको, आणि तीस सेकंद थांबायचं म्हणजे पाणी मीटरच्या तापमानाला येतं. मीटरवर एटीसी (तापमानाप्रमाणे आकडा आपोआप सुधारण्याची सोय) लिहिलेलं असतं म्हणून आपण निश्चिंत राहतो, पण ते साधारण १० ते ३० अंशांतच काम करतं. एप्रिल-मे मध्ये दुपारी पुण्यात खोली ३० च्या वर असते. त्या दिवसांत सॅलिनिटी पहाटे मोजा.

मग टाकी ३१ वरून ३५ वर आणायची होती. एकदम मीठ ओतायचं नाही. दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त वाढ नको. रोज दीड लिटर पाणी उडतं, ते आरओऐवजी ३५ च्या खाऱ्या पाण्याने भरलं. दीड लिटरमध्ये सुमारे ५२ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरमध्ये रोज अर्धा पीपीटी. आठ दिवसांत काम झालं. नवव्या दिवशी पुन्हा साधं आरओ, हे विसरू नका, नाहीतर सॅलिनिटी चढतच राहते. पण ३१ च्या पाण्यात मी डोस घालून कॅल्शियम ४२० वर नेलं होतं, ते आता ४७० च्या पुढे गेलं आणि मॅग्नेशियम १४५० च्या वर. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलत ते खाली आणायला दोन महिने गेले. घाईचं फळ.

आरओ म्हणजे टाकीसाठीचा, शेवटी डीआय (उरलेसुरले क्षारही काढणारा टप्पा) असलेला, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य देणारा. पिण्याच्या पाण्याचा आरओ चालत नाही. त्यात चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात किंवा खनिजं घालतात, आणि रोजच्या भरपाईतून ती साठत जातात.

आताचा क्रम असा आहे. तापमान रोज, २५-२६ अंश. सॅलिनिटी आठवड्यातून दोनदा, आणि पाणी बदलायच्या दिवशी बादलीतलीही. केएच रविवारी आणि बुधवारी, नायट्रेट-फॉस्फेट रविवारी. कॅल्शियम-मॅग्नेशियम महिन्यातून एकदा, मऊ प्रवाळांच्या टाकीला तेवढं पुरतं. वेळ नेहमी तीच, खाणं आणि डोस देण्याआधी, पंप चालू असताना. महिन्याच्या पहिल्या रविवारी मिठाच्या पाण्याने मीटर तपासते.

केएच किटवर विश्वास ठेवण्याआधी त्याचीही परीक्षा घेतली. एक लिटर डीआय पाण्यात २.५२ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवायचा (बेकिंग पावडर नव्हे, आणि इथे ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा लागतोच), त्यातले १०० मिलि घेऊन डीआय पाण्याने पुन्हा एक लिटर करायचं. याचा केएच ८.४ यायला हवा. माझ्या किटने ८.३ दिला, ठीक आहे.

किटच्या सिरिंजमध्ये द्रावण ओढल्यावर दट्ट्याखाली थोडी हवा दिसते. टोक लावून ओढलं असेल तर ती टोकातलीच हवा असते, तिने आकडा बदलत नाही. दट्ट्याची खालची कड बरोबर १ मिलिवर आहे एवढं पाहा. थेंब टाकताना बाटली सरळ उभी धरा, तिरक्या बाटलीतून थेंब लहान-मोठे पडतात. रंग टाकीच्या निळ्या दिव्याखाली कधीही जुळवू नका, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात जुळवा. नायट्रेट किटमध्ये पावडर किंवा बाटली हलवायची जी सेकंदं लिहिलेली असतात ती घड्याळ लावून पूर्ण करा. कमी हलवलं तर नायट्रेट खोटंच कमी येतं. आकडा विचित्र आला तर त्याच दिवशी नवं पाणी घेऊन पुन्हा मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा आणि दोन्ही जुळल्याशिवाय टाकीत काहीही घालू नका.